व्हिडिओ खेळांचे मुहूर्त



गेल्या दिवाळीच्या आठेक दिवस आधी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा आमच्याच तालुक्यातला. चित्रकलेत हात चांगला, म्हणून घरच्यांनी कर्ज काढून त्याला पुण्याला शिकायला ठेवले. आता तो तिथेच एका परदेशी कंपनीच्या कामावर आहे. व्हिडिओ खेळांत दिसणारी झाडे, दगड, पडके वाडे तो संगणकावर घडवतो. दर पाडव्याला घरी येऊन भेटून जाण्याचा त्याचा नेम. या खेपेला म्हणाला, "सर, ह्या वर्षी यायचं काही जमत नाही. आमची तारीख लागलीय."

मी विचारले, "तारीख? कोर्टाची का रे?"

तो हसला. "तसंच समजा. खेळ बाजारात यायची तारीख. ती जगाला सांगून झालीय. आता काम संपो ना संपो, तारीख पाळायची."

"आणि ती ठरवली कोणी?"

"ते वर ठरतं, सर."

मी अर्थशास्त्र शिकवतो. आमच्या शास्त्रात किमतीचा विचार फार, तारखेचा कमी. तेव्हा हे 'वर' म्हणजे कुठे, आणि तिथे कोणते पंचांग उघडून मुहूर्त काढतात, हे शोधण्याचा मला नाद लागला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आधी एक खुलासा करतो. आपली मुले मोबाइलवर जे खेळ खेळतात ते बहुतेक फुकटातले. मी बोलतो आहे ते मोठे खेळ. ते संगणकावर किंवा टीव्हीला जोडायच्या यंत्रावर खेळतात. या यंत्राला कन्सोल म्हणतात. अशा एकेका खेळासाठी कित्येकदा शेकडो माणसे चार-चार, पाच-पाच वर्षे राबतात. अमेरिकेत असा खेळ साठ-सत्तर डॉलरला विकला जातो, आणि त्याच्या विक्रीचा मोठा वाटा पहिल्या काही आठवड्यांतच पदरात पडतो. पुढे किंमत उतरते, लोकांचे लक्ष दुसरीकडे जाते. आपल्या कांद्यासारखेच आहे पाहा. माल तोच, कष्ट तेच, पण कोणत्या आठवड्यात बाजारात आणला यावर भाव ठरतो. फरक एवढाच की कांदा तयार झाल्यावर शेतकरी बाजाराचा विचार करतो, आणि इथे बाजाराचा दिवस आधी ठरतो, पीक मागून तयार व्हायचे असते.

या पंचांगातला सर्वांत मोठा सण म्हणजे नाताळ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' नावाचा सण असतो. तिथून नाताळपर्यंत खरेदीची झुंबड चालते. मुलांना खेळणी घ्यायची ती याच दिवसांत. म्हणून खेळ नोव्हेंबरात दुकानात पाहिजे, असा जुना दंडक आहे. तो दंडक किती महागात पडतो याचे एक उदाहरण या धंद्यात आजही सांगतात.

१९८२ सालच्या जूनमध्ये 'ई. टी.' हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट आला आणि तुफान चालला. त्यावर खेळ काढण्याचे हक्क अटारी कंपनीने घेतले, पण घासाघीस लांबली आणि व्यवहार पुरा व्हायला जुलै अखेर आली. नाताळला खेळ दुकानात हवा, तर कारखान्यात काडतुसे भरायचे काम सप्टेंबरला सुरू व्हायला पाहिजे. (त्या काळी खेळ प्लॅस्टिकच्या एका डबीत भरून विकत, तिला कार्ट्रिज, म्हणजे काडतूस म्हणत.) अशा खेळाला एरवी निदान पाच-सहा महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या तरुणाला मिळाले जेमतेम पाच आठवडे. त्याने ते काम अंगावर घेतले आणि मुदतीत पुरेही केले. नाताळला खेळ दुकानात होता. पण तो खेळताना मुले वैतागून गेली. खेळातला नायक सारखा खड्ड्यात पडे आणि बाहेर येता येईना. कंपनीने सुमारे चाळीस लाख काडतुसे काढली होती, त्यांतली फार मोठी संख्या परत आली. सप्टेंबर १९८३ मध्ये न विकलेला माल मालमोटारींत घालून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या उकिरड्यात पुरला. कित्येक वर्षे लोक ही भाकडकथा समजत. एप्रिल २०१४ मध्ये उकरून पाहिले तर खाली खरोखरच काडतुसे निघाली! १९८३ साली अमेरिकेतला हा सगळाच धंदा बसला, त्याची कारणे पुष्कळ होती. सारे खापर त्या एका खेळावर फोडणे बरोबर नाही. पण तारीख पाळली आणि माल बुडाला, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा नाही.

वारसुद्धा पाहतात बरे का. १९९२ साली सेगा कंपनीने आपला 'सॉनिक २' हा खेळ २४ नोव्हेंबरला, मंगळवारी, अमेरिकेत आणि युरोपात एकाच दिवशी विक्रीला ठेवला. 'ट्यूजडे'मधल्या 'टू'वर कोटी करून त्या दिवसाचीच जाहिरात केली. अमुक दिवस हाच एक सण, ही युक्ती तिथून रुळली. आणि शिक्षक मंडळींना रुचेल अशी एक गोष्ट जपानातली. १० फेब्रुवारी १९८८ हा बुधवार होता. त्या दिवशी 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग निघाला, आणि शाळा बुडवून मुले दुकानांपुढे रांगा लावून उभी राहिली. पोलिसांना मुलांना हटकत फिरावे लागले. फार बोभाटा झाला. पुढचा चौथा भाग कंपनीने ११ फेब्रुवारी १९९० ला, रविवारी काढला. जपान सरकारने यासाठी कायदाच केला असे पुष्कळ लोक सांगतात. तसा कायदा नाही. कंपनीनेच आपण होऊन सुटीचा दिवस धरला. व्यापाऱ्याने शाळेचे वेळापत्रक पाहून आपला मुहूर्त बदलला, अशी उदाहरणे थोडी. म्हणून ही सांगितली.

मुहूर्ताने प्रतिस्पर्ध्याला चीत करू पाहणारेही असतात. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला 'ई-थ्री' नावाचे या धंद्याचे पहिले मोठे प्रदर्शन भरले. सेगाचे 'सॅटर्न' हे नवे यंत्र २ सप्टेंबरला येणार असे आधी जाहीर झाले होते. सोनी आपले 'प्लेस्टेशन' त्याच सुमारास आणणार होती. तेव्हा ११ मे रोजी सेगाचे अमेरिकेतले प्रमुख टॉम कॅलिन्स्की व्यासपीठावर गेले आणि म्हणाले की आमचे यंत्र आजच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. सभागृह थक्क झाले. मग सोनीची पाळी आली. त्यांचे स्टीव्ह रेस उठले, ध्वनिक्षेपकापाशी गेले, "दोनशे नव्याण्णव" एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली येऊन बसले!

आता या घाईचे फळ काय झाले पाहा. खेळ तयार करणारे बाकीचे लोक सप्टेंबर धरून काम करीत होते, त्यामुळे मे महिन्यात यंत्र आले पण त्यावर खेळायला खेळ मोजकेच. यंत्रे थोडी, म्हणून ती चारच दुकानसाखळ्यांना दिली. ज्यांना वगळले ते भडकले, आणि त्यांतल्या एका मोठ्या साखळीने सेगाचा मालच ठेवायचे बंद केले. सोनीने आपली तारीख हलवली नाही. ९ सप्टेंबरला ती शांतपणे आली आणि बाजार घेऊन गेली. पुढे २००१ मध्ये सेगाने यंत्रे बनवण्याचा धंदाच सोडला.

इथपर्यंत सण झाले, स्पर्धा झाली. पण माझा विद्यार्थी ज्याला 'वर' म्हणाला तिथले खरे पंचांग निराळेच आहे. ते म्हणजे हिशेबाचे वर्ष. या कंपन्यांचे भाग शेअरबाजारात विकले जातात. निंटेंडो आणि कॅपकॉम या जपानी, टेक-टू आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन, युबिसॉफ्ट ही फ्रेंच, या सगळ्यांचे हिशेबाचे वर्ष आपल्या सरकारी वर्षासारखेच मार्चअखेर संपते. या वर्षी इतका महसूल होईल असे भागधारकांना आधी सांगितलेले असते. मग डिसेंबर हुकलेला खेळ कसाबसा फेब्रुवारी-मार्चमध्ये बसवतात. मार्चअखेर आपल्या कचेऱ्यांत बिले निघतात ना, तसे. म्हणून त्या दोन महिन्यांत, जेव्हा कुठलाच सण नसतो, मोठमोठ्या खेळांची दाटी झालेली दिसते. २०२२ साली १८ फेब्रुवारीला 'होरायझन'चा दुसरा भाग आला. दुसरी एक कंपनी आपला 'एल्डन रिंग' जानेवारीत आणणार होती, तिने तो पुढे सरकवून २५ फेब्रुवारीला आणला. आठवडाभरात चर्चा सगळी 'एल्डन रिंग'ची, पहिल्याचे नाव मागे पडले.

तारीख चुकणार असेल तर ते सांगायचाही दिवस ठरलेला. तिमाही हिशेब जाहीर करण्याच्या दिवशी, किंवा त्याच्या जरा आधी. टेक-टूचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा खेळ घ्या. त्याचा पाचवा भाग १७ सप्टेंबर २०१३ ला आला आणि तीन दिवसांत शंभर कोटी डॉलरची विक्री झाली. सहाव्या भागाची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये दाखवली, तेव्हा सांगितले २०२५ साल. मे २०२५ मध्ये, तिमाही हिशेबाच्या पंधरवडाभर आधी, कंपनी म्हणाली २६ मे २०२६. मग ६ नोव्हेंबर २०२५ ला, नेमक्या हिशेबाच्या दिवशी, ती तारीख १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलली, आणि शेअरचा भाव लगेच घसरला. या दोन्ही तारखा मार्च २०२७ ला संपणाऱ्या एकाच हिशेब-वर्षात पडतात, आणि दुसरी तर थँक्सगिव्हिंगच्या बरोबर एक आठवडा आधीची आहे. तेव्हा सण आणि खातेवही दोन्ही सांभाळली गेली. खेळ चांगला व्हावा म्हणून वेळ घेतो असे निर्माते सांगतात, ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. मी फक्त कॅलेंडर उघडून पाहिले.

मोठ्या खेळाच्या शेजारी सापडणे म्हणजे काय, हे जत्रेला जाणाऱ्यांना सांगायला नको. एकाच रात्री दोन नामांकित फडांचे तंबू शेजारी लागले, तर मधल्या लहान फडाची ढोलकी कोणाला ऐकू येणार? २०१६ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'टायटनफॉल २' हा खेळ २८ ऑक्टोबरला काढला. आदल्या आठवड्यात, २१ तारखेला, त्यांचाच 'बॅटलफील्ड १' आलेला. पुढच्या आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, प्रतिस्पर्ध्याचा 'कॉल ऑफ ड्यूटी'. तिन्ही बंदुकीचेच खेळ. 'टायटनफॉल २' ची जाणकारांनी वाहवा केली, पण अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी त्याची गत झाली, आणि अपेक्षेइतका तो खपला नाही. आपल्याच दोन लेकरांची लग्ने एका आठवड्यात काढावीत आणि वऱ्हाड वाटून घ्यावे, तसा हा प्रकार.

याच्या उलट एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहरात तीन-चार माणसांची 'टीम चेरी' नावाची लहानशी मंडळी आहे. त्यांनी 'सिल्कसाँग' हा खेळ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केला आणि नंतर वर्षानुवर्षे जवळजवळ मौन धरले. लोकांनी चेष्टा केली, काही चिडले. २१ ऑगस्ट २०२५ ला त्यांनी सांगितले की ४ सप्टेंबरला खेळ येतो आहे. अवघ्या चौदा दिवसांची सूचना! त्या दिवशी खेळ विकणारी ऑनलाइन दुकाने गर्दीने काही वेळ ठप्प झाली, आणि किंमत फक्त वीस डॉलर. त्यांच्यामागे भागधारक नव्हते, पहिल्या खेळाचा पैसा गाठीशी होता, म्हणून काम संपल्यावर तारीख सांगणे त्यांना परवडले. पण याचीही दुसरी बाजू आहे. सप्टेंबर धरून बसलेल्या पाच-सात लहान खेळांच्या कर्त्यांना घाईघाईने आपल्या तारखा पुढे न्याव्या लागल्या. जाहिरात करून झालेली, पैसे खर्च झालेले. 'डीमनस्कूल' हा खेळ सप्टेंबरातून थेट नोव्हेंबरात गेला. मोठ्याने मौन पाळले तरी चेंगरतो तो धाकटाच.

मग असे असताना कंपन्या इतक्या आधी जाहीर करतात तरी कशाला? कारण जाहीर करणे हाही व्यापारच आहे. पूर्वी 'ई-थ्री' प्रदर्शन जूनच्या सुमारास भरे, म्हणजे दुकानदारांनी नाताळची मागणी तेव्हा नोंदवावी. ते प्रदर्शन कायमचे बंद झाल्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाले. पण त्याच्या आधीच, २०११ पासून, निंटेंडोने स्वतःच आपल्या बातम्या चित्रफितींतून थेट गिऱ्हाइकांना सांगायला आरंभ केला होता, आणि इतरांनीही तो धडा गिरवला. आता दुकानही संगणकावरच. तिथे गिऱ्हाईक आगामी खेळावर 'हवा आहे' अशी खूण करून ठेवते. जितक्या खुणा अधिक तितका तो खेळ ठळक जागी दिसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आगाऊ नोंदणी. खेळ पुरा व्हायच्या आधीच पैसे येऊ लागतात.

हे पैसे आले की तारखेला कर्जाच्या हप्त्याचे रूप येते. पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने 'सायबरपंक २०७७' हा खेळ २०१२ साली जाहीर केला. जानेवारी २०१३ च्या चित्रफितीत म्हटले होते की तयार होईल तेव्हा येईल. किती शहाणपणाचे वाक्य! पण जून २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या त्याच प्रदर्शनात एक प्रख्यात नट व्यासपीठावर आणून तारीख दिली, १६ एप्रिल २०२०. ती गेली १७ सप्टेंबरवर. मग १९ नोव्हेंबरवर. ऑक्टोबरात खेळाची मूळ प्रत पक्की झाल्याचे सांगूनही पुन्हा १० डिसेंबरवर. मधल्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, तिथल्या कामगारांना आठवड्याचे सहा दिवस काम करायला सांगितले. ज्यादा कामाचे पैसे मिळाले, हे खरे. पण अशी सक्ती करणार नाही असे कंपनीने आदल्याच वर्षी सांगितले होते. खेळ बाहेर पडला तोपर्यंत ऐंशी लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केलेली होती. जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला आणि गिऱ्हाइकांचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. जून २०२१ पर्यंत तो तिथे परत आला नाही. कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने जानेवारीत उघड कबुली दिली की काम करणाऱ्यांना दोष देऊ नका, खेळ बाहेर काढण्याचा निर्णय आम्हा संचालकांचा होता. ही कबुली मला मोलाची वाटते. 'वर ठरतं' म्हणजे कुठे, याचे उत्तर एवढ्या स्पष्टपणे सहसा कोणी देत नाही.

आता आपल्या घराजवळची हकीकत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा 'सँड्स ऑफ टाइम' हा खेळ २००३ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात युबिसॉफ्टच्या माणसांनी केला. तो नव्या रूपात घडवण्याचे काम कंपनीने आपल्या पुणे आणि मुंबई इथल्या शाखांकडे दिले. एवढ्या नावाजलेल्या खेळाचे काम महाराष्ट्रात यावे, याचा इथल्या तरुणांना केवढा अभिमान वाटला असेल! सप्टेंबर २०२० मध्ये पहिली झलक दाखवली आणि सोबतच तारीख दिली, २१ जानेवारी २०२१. म्हणजे पुरते पाच महिनेही नाहीत, आणि वर्ष महामारीचे. झलक पाहून लोकांनी नाके मुरडली. चित्रे जुनाट दिसतात म्हणाले. तारीख १८ मार्चवर गेली. मग फेब्रुवारीत सांगितले की तारीखच नाही. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला परत नेले. जानेवारी २०२६ मध्ये तो खेळ रद्द झाल्याची घोषणा झाली.

मी चित्रांचा जाणकार नाही. ती झलक खरोखर किती कच्ची होती यावर मत देणार नाही. पण एक प्रश्न अर्थशास्त्राचा मास्तर म्हणून विचारतो. पाच वर्षे आणि दुसरा देश देऊनही जे काम पुरे झाले नाही, त्याला पहिल्या खेपेस जी तारीख दिली ती कशाच्या आधारावर दिली होती? नाचक्की मात्र चित्रे काढणाऱ्यांच्या वाट्याला आली.

आमच्या गावच्या एका गुरुजींनी मला विचारले की पोरगा नव्या खेळासाठी आगाऊ पैसे मागतो आहे, द्यावेत का? मी त्यांना सांगितले ते आपल्यालाही सांगतो. ज्या वस्तूचा साठा संपण्याचे भय नाही, जी तारांवरून घरी येते, तिच्यासाठी रांग लावण्यात अर्थ नाही. पहिला आठवडा जाऊ द्यावा, खेळलेल्यांचे बोलणे ऐकावे. पैसे भरलेच असतील तर 'स्टीम' नावाच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात असा नियम आहे की खेळ यायच्या आधी केव्हाही नोंदणी रद्द करता येते, आणि आल्यावर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. सगळ्याच दुकानांचा नियम असा नाही. पैसे भरण्याआधी तो वाचावा. गुरुजी म्हणाले, "पण पोरगा म्हणतो, तारीख पक्की आहे." मी त्यांना सायबरपंकच्या चारही तारखा कागदावर लिहून दिल्या.

माझ्या विद्यार्थ्याचा माघात पुन्हा फोन आला होता. त्यांची तारीख पुढे गेली. ती त्यालाही कंपनीच्या जाहीर पत्रकातूनच कळली, त्याच्या मित्रांच्या बरोबरीने. "मग दिवाळी उगाच बुडाली की रे," मी म्हणालो. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आईला सांगा, शिमग्याला येतो." मी त्याच्या आईला सांगितले. पण तारीख सांगितली नाही.